अभय

पहाटे साडेपाचला गंगावेशीतून सुटली मिनीबस.
बत्तीस पोरं, दोन मास्तर, पोह्यांचा एक डबा,
आणि मागच्या सीटवर रेहान बागवान,
हळदी येईपर्यंत एकच विचारत :
"सर, तिथं घसरगुंडी असती का?"
मी फळ्यावर लिहिलं होतं, 'राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं'.
उद्यान म्हटल्यावर त्याला महावीर गार्डन आठवलं.
त्याचं काय चुकलं?

राधानगरी मागं पडली. धरणाचं पाणी
झाडांच्या फटींतून बसबरोबर पळत राहिलं.
दाजीपूरच्या गेटवर धाकू झोरे उभे,
खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला.
त्यांनी नमस्काराआधी कुरकुऱ्यांची पाकिटं मोजली.
"सत्तावीस. जाताना सत्तावीसच दिसाय पायजेत."

"अभयारण्य म्हंजे काय वो?" कुणीतरी विचारलं.
मी पुस्तकातली व्याख्या जुळवत होतो तोवर धाकू म्हणाले,
"हितं भ्यायचं न्हाई."
"कुणी?"
"त्येंनी.
आपण भ्यायचं. थोडं."

मग चालणं.
अंजनीच्या, जांभळीच्या खोडांवर शेवाळ,
हात लावला की ओल्या मांजरासारखं.
वर शेकरू, म्हणजे नुसती त्याची शेपटी,
या फांदीवरून त्या फांदीवर
विटकरी रंगाचा एक फटकारा.
बत्तीस बोटं वर होईतो फांदी हलायचीही थांबली.

सड्यावर आलो.
काळाकुट्ट जांभा, करपलेल्या भाकरीसारखा,
आणि भाकरीच्या फोडांत साठलेलं पाणी,
पाण्याकाठी उरलीसुरली सीतेची आसवं.
माही कुंभार, वर्षभर वर्गात ओठ न उघडलेली,
उकिडवी बसली, नखानं दगड खरवडला,
माती बोटांवर चोळून म्हणाली,
"ही चालत न्हाई. भट्टीत फुटती."
बापट कॅम्पातली पोर ती. तिला माहीत असणारच.
धाकू तिच्याजवळ बसले :
"व्हय. म्हणून तर हितं कुणी मडकी केली न्हाईत,
आन् फुलं ऱ्हायली."

गवा बघायचा होता सगळ्यांना.
मोबाइल तयार, दम धरलेला.
खाली चिखलात एक खूर उमटलेला,
त्यात पाणी, पाण्यात
एवढुसा बेडूक, शेपूट पुरती न गळलेला.
रेहाननं पंजा शेजारी ठेवला. पंजा लहान पडला.
पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

तेवढ्यात धुकं उतरलं.
समोरची कारवी गेली, मग धाकूंचा शर्ट गेला,
आणि धुक्यातून कुणीतरी
नाकानं जोरात हवा सोडली.
एकदाच. बैलापेक्षा जाड, इंजिनापेक्षा ओली.
पाचवी 'ब' इतकी गप्प
मी परीक्षेतही बघितलेली नाही.
धुकं विरलं तेव्हा
गवत दोन ठिकाणी दबलेलं होतं, आणि हळूहळू
उभं राहत होतं.

परतीला पाकिटं सत्तावीस भरली.
बस राधानगरीपर्यंत झोपली.
अहवालात रकाना होता : 'दिसलेले प्राणी'.
मी लिहिलं, शेपटी एक, खूर एक, बेडूक पाऊण.
हेडमास्तर यावर सही करतील असं वाटत नाही.

रात्री साडेनऊला रेहानच्या आईचा फोन.
"सर, ह्याच्या मोज्यात जळू निघाली, टम्म फुगलेली.
मीठ टाकाय गेले तर रडून गोंधळ घातला.
म्हणतोय, तिला भ्यायचं न्हाई असं ठरलंय.
कुणाशी ठरलंय वो?"

आज सकाळी माझ्या टेबलावर
लोणच्याची धुतलेली बरणी आहे,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली पाच भोकं,
आत ओलं पान, पानाखाली ती,
रेहानचं रक्त पोटात घेऊन निवांत.
बरणीवर चिठ्ठी, जोडाक्षर चुकलेलं :
'दाजिपुरला सोडने. हळु.'

राधानगरीची एसटी सव्वानऊला आहे.
रजेच्या अर्जात कारण काय लिहावं,
एवढंच अजून सुचलेलं नाही.